सॉफ्टवेअर आर्किटेक्चरचा निर्णय बरोबर की चूक, हे ठरवायचं कशावरून?

खटपट्या (धागाकर्ता)

डिझाइन रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो आकृतीवर. हा चौकोन इथे का, मध्ये क्यू (कामांची रांग) कशाला, कॅश (पुन्हा लागणाऱ्या डेटाची हाताशी ठेवलेली प्रत) कुठे बसवायची. तासाभराने सगळे माना डोलावतात आणि निर्णय पास होतो. माझं म्हणणं असं, की या तासाभरात खरी तपासणी झालेलीच नसते. निर्णय कुठल्या गृहीतकावर उभा आहे, ते गृहीतक कधी मोडेल, आणि एक गुण पदरात पाडताना दुसऱ्या कुठल्या गुणावर पाणी सोडलं, हे विचारलं तरच मूल्यमापन झालं म्हणायचं.

युरोपच्या आरियान ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाचं उदाहरण घेतो. ४ जून १९९६. "ओव्हरफ्लो झाला आणि रॉकेट फुटलं" एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण चौकशी समितीचा अहवाल वाचला की दिसतं, तो बग एका ट्रेड-ऑफच्या (एक मिळवायला दुसरं सोडण्याच्या) पोटात होता. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेच्या प्रोसेसरवर जास्तीत जास्त ८० टक्के लोड असावा असं उद्दिष्ट ठरलेलं होतं. त्यामुळे एका प्रकारच्या संख्येचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर होताना मर्यादेबाहेर जाऊ शकतील अशा ७ व्हेरिएबलपैकी ४ ना संरक्षण दिलं आणि ३ तशीच सोडली. त्या तिघांची मूल्यं तितकी मोठी होणारच नाहीत, असा हिशेब होता. आरियान ४ साठी तो बरोबर होता. तेच सॉफ्टवेअर आरियान ५ वर आलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच कित्येक पटींनी वाढत होता. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेवरही तेच सॉफ्टवेअर होतं. ती मुख्य यंत्रणेच्या क्षणभर आधीच त्याच कारणाने गेली होती.

दोन गोष्टी मला फार लागतात. पहिली, ज्या गणितात ही चूक झाली ते उड्डाण सुरू झाल्यावर आरियान ५ ला लागतच नव्हतं. जुन्या रॉकेटच्या सोयीसाठी ते उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेलं होतं. दुसरी, ३ व्हेरिएबल उघडी का सोडली याचं कारण कोडमध्ये कुठेच नव्हतं. निर्णय सगळ्यांच्या संमतीने झाला होता, पण कागदांच्या ढिगात तो बाहेरच्या तपासणाऱ्याला दिसेनासा झाला. कुणी लपवला नव्हता. तपासायला बसलेल्या माणसासमोर तो आलाच नाही, एवढंच.

म्हणून विचारतो: तुम्ही निर्णय तपासता तेव्हा नेमकं काय समोर ठेवता?

सायंतारा

आम्ही आकृतीच्या आधी प्रसंग लिहितो. "सिस्टिम फास्ट हवी", "सुरक्षित हवी", "सहज बदलता यावी" ही वाक्यं तपासताच येत नाहीत, कारण त्यांना नाही म्हणणारा कुणी नसतो. कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने २००० मध्ये एटॅम (आर्किटेक्चर ट्रेड-ऑफ अॅनालिसिस मेथड) नावाची पद्धत अहवालरूपात मांडली, तिचा कणा हाच आहे. प्रसंगाला सहा भाग असतात: घटना कुणामुळे घडली, काय घडलं, तेव्हा परिस्थिती कशी होती, सिस्टिमच्या कुठल्या भागावर आघात झाला, त्या भागाने काय करायला हवं, आणि ते झालं की नाही हे मोजायचं कशाने. शेवटचा भाग लिहिताना माणसं अडतात, आणि खरी चर्चा तिथेच सुरू होते.

समजा परीक्षेच्या निकालाची साइट आहे. "निकाल जाहीर झाल्यावर पहिल्या १० मिनिटांत नेहमीच्या २० पट विनंत्या येत असताना, डेटाबेसची एक रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) बंद असली तरी, ९९ टक्के वेळा निकालाचं पान २ सेकंदांच्या आत उघडलं पाहिजे." हा एक प्रसंग. तो वाचून कुणीही म्हणेल, पानं आधीच तयार करून कॅशमध्ये ठेवा. ठीक. आता दुसरा प्रसंग: "एखाद्याचे मार्क चुकल्याचं लक्षात आल्यावर दुरुस्त निकाल ५ मिनिटांच्या आत सगळीकडे दिसला पाहिजे, आणि जुना निकाल कुणालाही दिसता कामा नये." हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवले की ते एकाच आकड्यावर येऊन भिडतात: कॅशमधली नोंद किती वेळ जिवंत ठेवायची. एटॅममध्ये अशा जागेला ट्रेड-ऑफ पॉइंट म्हणतात. एकाच गुणावर परिणाम करणारी जागा असेल तर ती सेन्सिटिव्हिटी पॉइंट. दोन किंवा जास्त गुण तिथे ओढाताण करत असतील तर ट्रेड-ऑफ पॉइंट. रिव्ह्यूचा वेळ खर्च करायचा तो या जागांवर. बाकीचे चौकोन पाच मिनिटांत उरकले तरी चालतं.

प्रसंग खूप होतात, मग निवड कशी करायची? प्रत्येकाला दोन अक्षरं द्यायची. एक, धंद्याच्या दृष्टीने तो किती महत्त्वाचा; दुसरं, आमच्या डिझाइनमध्ये साधायला किती अवघड. जास्त, मध्यम, कमी. पहिलं अक्षर प्रॉडक्टच्या माणसांनी द्यायचं, दुसरं डेव्हलपरांनी, आणि एकमेकांच्या रकान्यात बोट घालायचं नाही. दोन्ही "जास्त" असलेले प्रसंग आधी घ्यायचे.

सिस्टिमच्या गुणांची यादी हवी असेल तर आयएसओ २५०१० हे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०११ च्या आवृत्तीत आठ मुख्य गुण होते, २०२३ मध्ये सेफ्टी धरून नऊ झाले. पण यादीवरून खुणा करत बसू नका. काही विसरलं तर नाही ना, हे शेवटी पडताळून बघण्यापुरताच तिचा उपयोग आहे.

बिनतारी

उत्तम धागा. मी आकडेमोडीकडून येतो, कारण उपलब्धतेबद्दल रिव्ह्यूमध्ये ठोकून दिलेली वाक्यं दोन मिनिटांच्या गुणाकारात पडतात.

९९.९ टक्के म्हणजे वर्षाला साधारण पावणेनऊ तास बंद. आता एक विनंती पूर्ण व्हायला पाच सर्व्हिस एकामागून एक लागत असतील आणि प्रत्येक सर्व्हिस ९९.९ टक्के चालू असेल, तर एकूण ९९.५ टक्के. वर्षाला जवळपास ४४ तास. एकाही टीमने आपलं उद्दिष्ट चुकवलेलं नाही, तरी ग्राहकाच्या वाट्याला हे आलं. मोनोलिथचे (एकसंध अॅप्लिकेशनचे) पाच तुकडे करायचा प्रस्ताव येतो तेव्हा हा गुणाकार प्रस्तावातच असायला हवा. तुकडे करू नका असं म्हणत नाही. स्वतंत्रपणे डिप्लॉय करायची (नवी आवृत्ती चालू करायची) मोकळीक मिळते ती खरीच आहे. पण ती कशाच्या बदल्यात, हे लिहा.

उलट दिशेचा गुणाकार जास्त फसवा. ९९ टक्क्यांचे दोन सर्व्हर शेजारीशेजारी ठेवले की ९९.९९ टक्के होतात, असं पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. ते दोघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडत असतील तरच खरं. तोच कोड, तीच कॉन्फिग, एकाच वेळी झालेलं डिप्लॉय, एकच सुरक्षा प्रमाणपत्र एकाच दिवशी संपणारं, असं असेल तर दुसरा सर्व्हर हार्डवेअरच्या बिघाडापलीकडे काही देत नाही. धागाकर्त्याने सांगितलेली राखीव यंत्रणा नेमकी याच कारणाने निरुपयोगी ठरली. तिथे बिघाड म्हणजे यंत्राचा अचानक बिघाड असंच धरलेलं होतं, डिझाइनमधली चूक धरलेली नव्हती.

तिसरं रिट्राय, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा करणं. तीन थर आहेत आणि प्रत्येक थर अपयश आल्यावर मिळून तीन प्रयत्न करतो, तर सगळ्यात खालच्या डेटाबेसवर एका विनंतीमागे २७ प्रयत्न जाऊ शकतात, आणि तेही तो आधीच दमलेला असताना. क्षणिक बिघाडासाठी रिट्राय औषध आहे, ओव्हरलोडमध्ये तोच विष. "रिट्राय किती आणि कुठल्या थरात" हा एवढासा आकडा सायंतारा म्हणतात तसा ट्रेड-ऑफ पॉइंट आहे, पण आकृतीत तो कधीच काढलेला नसतो.

कोपऱ्यातला

यात खर्चाचीही भर घाला. सर्व्हर ९० टक्के वापरात ठेवून बचत केली असं अभिमानाने सांगतात. रांगेच्या सगळ्यात साध्या गणितात, एक सर्व्हर आणि मनमानी येणाऱ्या विनंत्या धरल्या तर, ५० टक्के वापरावर सरासरी प्रतिसादाचा वेळ मूळ कामाच्या दुप्पट असतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट, ९५ वर वीसपट. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांची बचत लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) दुप्पट करून घेतलेली असते. प्रत्यक्षात आकडे वेगळे येतील, वळण हेच राहतं.

नवशिका

सगळं वाचतोय, बरंच नवीन आहे. एक प्रामाणिक अडचण. आमची टीम अगदी लहान आहे. एटॅमसारखी बैठक घ्यायला ना माणसं आहेत ना वेळ. आणि आमच्याकडे मायक्रोसर्व्हिसेस (छोट्या स्वतंत्र सर्व्हिस) करायच्या असं जवळजवळ ठरलंय, कारण मोठ्या कंपन्या तेच करतात. याला विरोध करायचा तर कशाच्या आधारावर करू?

खटपट्या (धागाकर्ता)

@नवशिका, विरोध करू नका, गृहीतक विचारा. "यातून आपल्याला कुठला प्रसंग साधायचा आहे?" मायक्रोसर्व्हिसचा सगळ्यात भक्कम फायदा म्हणजे अनेक टीमना एकमेकांची वाट न बघता डिप्लॉय करता येणं. टीमच एक असेल तर तो फायदा घेणार कोण? एखादा भाग बाकीच्यांपेक्षा खूप वेगळ्या लोडचा असेल, तर तेवढा वेगळा काढायला सबळ कारण आहे. मग तेवढाच काढा.

मोठ्या कंपन्यांचंच उदाहरण हवं असेल तर अॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये लिहिलेला अनुभव सांगा. व्हिडिओ प्रवाहात दोष आहेत का हे बघणारी त्यांची सर्व्हिस छोट्या छोट्या वाटलेल्या घटकांची होती. अपेक्षित लोडच्या ५ टक्क्यांच्या आसपासच ती अडली, आणि घटकांमध्ये फ्रेम्सची ने-आण करण्याचा खर्च अवाढव्य होता. सगळे घटक एका प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च ९० टक्क्यांनी उतरला. यावरून "मोनोलिथच चांगला" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले, आणि तो तितकाच घाईचा आहे. पहिल्या रचनेमुळे त्यांना काम लवकर उभं करता आलं होतं. किती प्रवाह तपासायचे याचं गृहीतक बदललं, म्हणून निर्णय बदलला. ती सर्व्हिस एकच होती. सगळं प्राइम व्हिडिओ मोनोलिथ झालं नाही.

वेळेबद्दल: प्रत्येक निर्णयाला हे सोपस्कार नकोत. परत फिरणं किती महाग आहे, यावर ठरवा. लॉगिंगची लायब्ररी उद्या बदलता येते. डेटा कुठे आणि कुठल्या आकारात ठेवायचा, बाहेरच्यांना दिलेला एपीआय (त्यांच्या प्रोग्रॅमने आपल्या सिस्टिमशी बोलायची ठरलेली पद्धत), एका ग्राहकाचा डेटा दुसऱ्यापासून कसा वेगळा ठेवायचा, ही ठरली की वर्षानुवर्षं मानगुटीवर बसतात. तेवढ्यांसाठी अर्धा दिवस काढा.

विदागार

डेटाचा विषय निघालाच आहे तर गिटहब या कोड साठवणाऱ्या साइटची २१ ऑक्टोबर २०१८ ची घटना इथे यायलाच हवी. त्यांनी स्वतः तिचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि ट्रेड-ऑफ शिकवायला मला त्याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फक्त ४३ सेकंद. पण तेवढ्यात डेटाबेसचं फेलओव्हर (एक सर्व्हर गेला की दुसऱ्याकडे काम सोपवणं) सांभाळणाऱ्या यंत्रणेने बहुमताने ठरवून पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरना प्रायमरी, म्हणजे लेखन स्वीकारणारे मुख्य सर्व्हर, केलं. प्रत्येक घटक त्याला सांगितलं होतं तसाच वागला. अडचण अशी की पूर्वेकडे काही क्षणांचे राइट (डेटाबेसमधलं लेखन) असे होते जे पश्चिमेकडे पोचलेच नव्हते, आणि संपर्क जुळल्यावर पश्चिमेकडे नवे राइट सुरू झालेले. दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेला डेटा. आता परत पूर्वेला उडी मारली तर नवा डेटा जातो, आणि पश्चिमेलाच राहावं तर पूर्वेकडची अॅप्लिकेशन्स प्रत्येक क्वेरीसाठी देश ओलांडून जातात, इतकी लेटन्सी त्यांना झेपत नाही. त्यांनी डेटाची अखंडता निवडली. सेवा बिघडलेली राहिली २४ तास ११ मिनिटं.

त्या दिवशी निवडलेली बाजू मला योग्यच वाटते. लोकांचा कोड हरवण्यापेक्षा साइट दिवसभर अर्धवट चालणं परवडलं. पण खरा आर्किटेक्चरचा निर्णय त्या दिवशी झाला नव्हता, तो आधीच झालेला होता. दूरच्या रेप्लिकाला लेखन पोचेपर्यंत थांबायचं नाही, आणि तरीही गरज पडली तर आपोआप तिलाच प्रायमरी करायचं. ही दोन वाक्यं वेगवेगळ्या पानांवर अगदी शहाणी वाटतात. शेजारी ठेवली की वाट दिसते: काही सेकंदांचा डेटा दोन ठिकाणी फुटू शकतो.

मग थांबायचं का? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ४,००० किलोमीटर दूरच्या रेप्लिकाची पोच यायला निव्वळ भौतिकशास्त्राने ४० मिलिसेकंद लागतात, प्रत्येक लेखनाला. ही किंमत कुठलीही हुशारी कमी करू शकत नाही. संगणकशास्त्रज्ञ ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडलेलं आणि गिल्बर्ट-लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेलं कॅप प्रमेय नेटवर्क तुटल्यावर सुसंगती (सगळीकडे तोच डेटा) की उपलब्धता, काय निवडाल ते विचारतं. अबादी यांनी पुढे जोडलेला प्रश्न रोजच्या कामाचा आहे: नेटवर्क धड असतानाही तुम्ही लेटन्सी निवडता की सुसंगती? रिव्ह्यूमध्ये पहिलाच प्रश्न येतो, दुसरा राहून जातो. खरं तर बिल दुसऱ्याचं रोज येतं.

उलटतपासणी

मी थोडा विरोधी सूर लावतो. प्रसंग लिहिणं चांगलं, पण सुचतात तेच प्रसंग लिहिले जातात. आरियानच्या लोकांना कुणी प्रसंग लिहायला सांगितले असते तरी "राखीव यंत्रणाही त्याच क्षणी जाईल" हे त्यांनी लिहिलं असतं का? त्यांच्या विचाराच्या चौकटीतच ते नव्हतं. शिवाय प्रसंगातले २० पट, २ सेकंद हे आकडे अंदाजाने घातलेले असतात आणि कागदावर उतरले की त्यांना उगाच वजन येतं.

माझा भर भाकितापेक्षा बदल स्वस्त करण्यावर आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच सांगून ठेवलंय: कामाच्या टप्प्यांप्रमाणे मॉड्यूल पाडू नका, जो निर्णय अवघड आहे किंवा बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवा. डेटाबेस उद्या बदलायचा झाला तर किती फायलींना हात लागेल, हे आज मोजता येतं. भविष्य मोजता येत नाही.

आणि एकदा झालेली तपासणी टिकत नाही. "बिलिंगने थेट युजर टेबल वाचायचं नाही" असा नियम ठरला की तो बिल्डमधली (कोड तयार होताना आपोआप चालणारी) टेस्ट म्हणून लिहा, मोडला तर बिल्ड पडू दे. नियम कागदावर राहिला की घाईच्या एखाद्या आठवड्यात कुणीतरी तो मोडतं आणि कुणाला कळतही नाही.

खटपट्या (धागाकर्ता)

@उलटतपासणी, टेस्टचा मुद्दा पूर्ण मान्य. बदल स्वस्त करण्याबद्दल मात्र अर्धाच मान्य. बदल सोपा असणं हाही एक गुण आहे, आणि तो फुकट येत नाही. डेटाबेस झाकायला मध्ये थर घातला की त्या डेटाबेसच्या खास सोयी वापरता येत नाहीत, क्वेरी बाळबोध होतात, आणि नव्या माणसाला एक उडी जास्त मारावी लागते. पाच वर्षांत एकदाही डेटाबेस न बदललेल्या सिस्टिममध्ये असे थर मी पाहिले आहेत; त्यांची किंमत रोज मोजली जात होती. तेव्हा "काय बदलेल" हेही गृहीतकच. पार्नासही बदलण्याची शक्यता असलेलेच निर्णय झाकायला सांगतात, आणि ती शक्यता ठरवायला भाकीत लागतंच.

न सुचणाऱ्या प्रसंगांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. त्यावर मला एकच बरा उपाय दिसतो: गृहीतक अशा जागी लिहायचं की वेगळ्या चौकटीचा माणूस ते वाचेल. आरियान ४ ची माणसं चुकली नव्हती. आरियान ५ च्या मार्गाची माहिती असलेल्या माणसाने "आडवा वेग अमुक मर्यादेच्या आत राहील" हे वाक्य वाचलं असतं, तर त्याला तिथेच खटकलं असतं. तो माणूस आणि ते वाक्य एकत्र आले नाहीत.

म्हणून निर्णयाची नोंद. मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेला साचा एक-दोन पानांचा आहे: शीर्षक, स्थिती, संदर्भ, निर्णय, परिणाम. परिणामांत वाईटही लिहायचे. मी त्यात एक ओळ वाढवतो: हा निर्णय केव्हा पुन्हा उघडायचा. "डेटा ५०० जीबीच्या पुढे गेला तर", "दुसरी टीम याच कोडमध्ये काम करू लागली तर". जमेल तिथे ही अट मॉनिटरिंगच्या अलर्टमध्ये घालायची, म्हणजे कुणी आठवण ठेवायची गरज उरत नाही. आणि नोंद कोडच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात).

नवशिका

मी आमच्या एका निर्णयाची नोंद लिहून बघितली. तपासून सांगाल का?

निर्णय: एकच अॅप्लिकेशन, एकच डेटाबेस. ऑर्डर नोंदवल्यावर ग्राहकाला सूचना पाठवण्याचं काम क्यूवर टाकायचं. संदर्भ: सूचना पाठवणारी बाहेरची सेवा कधी कधी अनेक सेकंद घेते, ऑर्डरने तिच्यासाठी थांबू नये. परिणाम, चांगला: ऑर्डर लवकर पूर्ण होते आणि बाहेरची सेवा बंद असली तरी चालते. परिणाम, वाईट: सूचना उशिरा जाऊ शकते. पुन्हा कधी उघडायचा: सूचना जायला ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू लागला तर.

सायंतारा

छान लिहिलंय, आणि म्हणूनच भोक कुठे आहे ते लगेच दिसतं. तुमचा वाईट परिणाम फक्त उशीर धरतो. दोन प्रसंग घालून बघा.

एक: डेटाबेसमध्ये ऑर्डर कमिट झाली (कायमची नोंदली गेली) आणि क्यूवर संदेश टाकण्याआधी प्रोसेस पडली. सूचना उशिरा नाही, कधीच जाणार नाही. तुमचा ५ मिनिटांचा अलर्टही वाजणार नाही, कारण क्यूमध्ये वाट बघणारं काही नाहीच. क्रम उलटा केलात तर न झालेल्या ऑर्डरची सूचना जाईल.

दोन: वर्करने (क्यूवरचं काम उचलणाऱ्या प्रोग्रॅमने) सूचना पाठवली आणि काम झाल्याची पोच क्यूला देण्याआधी तो पडला. बहुतेक क्यू संदेश पुन्हा देतील. ग्राहकाला दोन सूचना.

पहिल्यावर उपाय म्हणजे पाठवायच्या सूचनांचं एक टेबल, ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही लेखनं होतील किंवा एकही नाही अशा बेताने) त्यात नोंद, आणि तिथून उचलून पाठवणारा वेगळा वर्कर. बदल्यात प्रत्येक ऑर्डरला एक जादा राइट आणि टेबल साफ ठेवायचं काम. तुमच्या लोडला कदाचित क्यूची गरजच उरणार नाही, म्हणजे सांभाळायची एक यंत्रणा कमी. दुसऱ्यासाठी प्रत्येक सूचनेला कायमचा क्रमांक द्या आणि बाहेरची सेवा तो ओळखून दुसरी प्रत टाळते का ते बघा. टाळत नसेल, तर "क्वचित दोनदा" की "क्वचित एकदाही नाही", यातलं काय चालेल हे प्रॉडक्टच्या माणसाला विचारा. ते तुम्ही ठरवायचं नाही.

नवशिका

विचारलं. दोनदा गेलेली चालेल, न गेलेली अजिबात नाही, असं उत्तर आलं. बाहेरची सेवा क्रमांक ओळखत नाही. तेव्हा क्यू काढून टेबल घेतोय. वाईट परिणामांत "सूचना क्वचित दोनदा जाईल, हे मान्य" असं लिहिलं आणि कुणी मान्य केलं तेही. पुन्हा उघडायची अटही बदलली: टेबलमधली सगळ्यात जुनी न पाठवलेली नोंद ५ मिनिटांपेक्षा जुनी झाली तर. याचा अलर्ट लावता येतो, एक क्वेरी पुरते.

विदागार

त्या टेबलमध्ये पाठवलेल्या नोंदी किती दिवस ठेवणार तेही लिहा, आणि न पाठवलेल्यांवर इंडेक्स असू द्या. नाहीतर ती एक क्वेरीच काही महिन्यांनी डेटाबेसला जड होईल.